दोन गुंठे आणि अक्षरी रुपये

माझ्या वकिलीला आता तीस वर्षे होत आली. या काळात कायद्याच्या मुद्द्यावर हरलेले खटले पुष्कळ आहेत. त्यांचे शल्य काळाबरोबर बोथट झाले. एक चूक मात्र अजून सलते. तिच्यात कायद्याचा मुद्दा नव्हता, साक्षीपुरावा नव्हता, न्यायाधीशांचे मतही नव्हते. एकच आकडा कागदावर तीन ठिकाणी लिहायचा होता. तो मी एका ठिकाणी बदलला आणि दोन ठिकाणी बदलायचा राहिला.

प्रकरण भूसंपादनाचे होते. सीमाभागातील एका खेड्यातल्या वृद्ध शेतकऱ्याची जमीन सार्वजनिक कामासाठी गेली होती. भूसंपादन अधिकाऱ्यांनी दिलेला दर अपुरा होता, म्हणून आम्ही संदर्भ अर्ज केला आणि न्यायालयाने दर वाढवून दिला. मूळ उताऱ्यावर क्षेत्र ४६ गुंठे होते, फेरमोजणीत ते ४८ गुंठे भरले आणि निकालपत्रातही ४८ च नोंदले गेले. निकालानंतर रक्कम वसूल करण्यासाठी दरखास्त दाखल करावी लागते आणि तिला हिशेबाचा तक्ता जोडावा लागतो. माझ्या कारकुनाने संगणकावरच्या तक्त्यात ४६ चे ४८ केले आणि सगळे आकडे आपोआप बदलले. तो तक्ता दरखास्तीत चिकटवला गेला. पण दरखास्तीच्या शेवटच्या परिच्छेदातील मागणीची रक्कम आणि तिच्याखालची ‘अक्षरी रुपये’ ही ओळ आधीच टंकलेली होती. त्या दोन्ही ठिकाणी ४६ गुंठ्यांचाच हिशेब राहून गेला. मी सही केली.

सुनावणीच्या दिवशी समोरच्या वकिलांनी शांतपणे विचारले, यातील खरी मागणी कोणती? परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे धनादेशावर आकडी आणि अक्षरी रकमेत फरक पडला तर अक्षरी रक्कम खरी धरतात. दरखास्त म्हणजे काही धनादेश नव्हे, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. पण संबंधित कार्यालयाने तीच सवय पुढे केली आणि अक्षरी लिहिलेली, म्हणजेच कमी असलेली, रक्कम न्यायालयात भरून टाकली. उरलेल्या रकमेसाठी दुरुस्तीचा अर्ज, त्यावर म्हणणे, त्यावर तारखा, असे करता करता अकरा महिने गेले. त्या पैशांवर त्या गृहस्थांनी थोरल्या नातीच्या शिक्षणाची फी धरली होती. ती त्यांना उसनवारी करून भरावी लागली.

मी त्यांना समोर बसवून सगळे समजावून सांगितले. टंकलेखन, तक्ता, परिच्छेद, दुरुस्ती. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “ते सगळं खरं ओ वकीलसाहेब, पण माझे दोन गुंठे कुठं गेले तेवढं सांगा की.”

मजजवळ उत्तर नव्हते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ ने न्यायालयांच्या निकालपत्रांतील लेखनिक आणि गणिती चुका केव्हाही दुरुस्त करण्याची सोय ठेवली आहे. म्हणजे अशा चुका होणारच, हे १९०८ सालच्या कायदेकर्त्यांनीही गृहीत धरले होते. पण कायद्याने चूक गृहीत धरली म्हणून वकिलाने ती गृहीत धरावी असे नाही.

त्या दिवाळीत माझी भाची घरी आली होती. ती महाविद्यालयात गणित शिकवते. मी तिला हा प्रसंग सांगितला, तेव्हा माझी अपेक्षा सहानुभूतीची होती. तिने मात्र उलट प्रश्न केला, “पण मामा, एकच आकडा तुम्ही तीन ठिकाणी हाताने लिहिताच कशाला?”

हा प्रश्न मला आधी बालिश वाटला आणि मग त्याने माझी झोप उडवली. विचार केल्यावर लक्षात आले की माझ्या कार्यालयात प्रत्येक आकड्याची दोन घरे आहेत. एका घरात तो जन्मतो, ते हिशेबाचे घर. दुसऱ्या घरात तो नांदतो, ते दस्तऐवजाचे घर. या दोन घरांमध्ये ये-जा करतो तो माणसाचा हात, आणि हात थकतो, विसरतो, घाईत असतो. हिशेब बरोबर असूनही दस्तऐवज चुकू शकतो, याचे कारण एवढेच.

गणिती मंडळींना ही अडचण फार आधी जाणवली होती, असे भाचीने सांगितले. त्यांच्या जगात दस्तऐवज जुळवण्यासाठी ‘टेक’ नावाची व्यवस्था चालते. तिची कथा मला वकिलाला शोभेल अशी वाटली. डोनाल्ड क्नूथ हे अमेरिकेतील संगणकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते १९७७ साली त्यांच्या हाती आली. पूर्वी खिळ्यांनी जुळवलेल्या पानांची शोभा नव्या छायाक्षरजुळणीत हरवली होती. ते पाहून त्यांनी आपला ग्रंथ बाजूला ठेवला आणि अक्षरजुळणीची स्वतःची व्यवस्था घडवायला घेतली. त्यांच्या पुस्तकात चूक दाखवणाऱ्याला ते दोन डॉलर छप्पन्न सेंटचा धनादेश देत. ‘टेक’च्या प्रत्येक सुधारित आवृत्तीचा क्रमांक पायच्या किमतीला एकेका अंकाने जवळ जातो. २०२१ सालची आवृत्ती ३.१४१५९२६५३ आहे. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर ‘लाटेक’ हा सोपा थर चढवला आणि आज गणिताचे बहुतेक शोधनिबंध त्यातच जुळवले जातात.

याच क्नूथ यांनी १९८४ साली आणखी एक विचार मांडला. संगणकाची आज्ञावली आणि तिचे माणसासाठीचे स्पष्टीकरण एकाच लेखात, एकमेकांत विणून लिहावे, असा तो विचार होता. त्याचा विस्तार पुढे वेगवेगळ्या लोकांनी केला. संख्याशास्त्रासाठी ‘आर’ ही भाषा वापरणाऱ्यांकरिता फ्रीडरिश लाइश यांनी २००२ साली ‘स्वीव्ह’ तयार केले, नंतर यिहुई शिए यांचे ‘निटर’ आले. गणितासाठी विल्यम स्टाइन यांनी २००५ साली ‘सेज’ सुरू केले. ते फुकट आहे, त्याची आज्ञावली कोणालाही वाचता येते आणि ‘मॅक्सिमा’, ‘पारी’, ‘गॅप’ अशा अनेक जुन्या गणिती साधनांना ते एका छत्राखाली आणते. ‘सेज’ आणि ‘लाटेक’ यांना जोडणारा पूल म्हणजे डॅन ड्रेक यांची ‘सेजटेक’ ही जोडणी. माझ्या दोन गुंठ्यांचे उत्तर या पुलावर सापडले.

कार्यपद्धती समजायला अवघड नाही. दस्तऐवज ही साध्या मजकुराची एक फाइल असते. तिच्या सुरुवातीला हिशेबाचा भाग लिहायचा: क्षेत्र इतके, दर इतका, व्याज असे. पुढे मजकुरात जिथे जिथे रक्कम यायची तिथे आकडा लिहायचाच नाही. तिथे फक्त ‘एकूण रक्कम येथे मांड’ अशी आज्ञा ठेवायची. मग तीन पायऱ्या. पहिल्या पायरीत ‘लाटेक’ संपूर्ण मजकूर वाचते आणि त्यातील सारी गणिते वेचून एका वेगळ्या फाइलीत लिहिते. दुसऱ्या पायरीत ‘सेज’ ती गणिते सोडवून उत्तरांची फाइल तयार करते. तिसऱ्या पायरीत ‘लाटेक’ पुन्हा येते आणि प्रत्येक उत्तर त्याच्या जागी बसवून पान जुळवते. ग्रंथाच्या अनुक्रमणिकेत पृष्ठांक जसे शेवटी भरले जातात, तसाच हा प्रकार. जिथे उत्तर मिळालेले नसते तिथे छापील पानावर ठळक अशी दोन प्रश्नचिन्हे उमटतात. मला ही गोष्ट फार आवडली. माझ्या जुन्या पद्धतीत राहून गेलेला आकडा खऱ्या आकड्याचा वेष घेऊन बसत असे. इथे रिकामी जागा आपण रिकामी असल्याचे कबूल करते.

आता हिशेबच मांडून दाखवतो. अशिलाची ओळख पटू नये म्हणून क्षेत्र सोडून बाकीचे आकडे बदलले आहेत. पद्धत तीच आहे. हे प्रकरण १८९४ च्या भूसंपादन कायद्याखालचे. १ जानेवारी २०१४ पासून त्याची जागा नव्या कायद्याने घेतली असली, तरी जुन्या संपादनांच्या दरखास्ती अजून चालू आहेत. समजा, न्यायालयाने गुंठ्यामागे ८,००० रुपये वाढवून दिले. ४८ गुंठ्यांचे वाढीव बाजारमूल्य ३,८४,००० रुपये झाले. कलम २३ च्या पोटकलम २ प्रमाणे त्यावर ३० टक्के दिलासा रक्कम, म्हणजे १,१५,२०० रुपये. पोटकलम १-अ प्रमाणे अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताबा घेईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तिथपर्यंत, वर्षाला १२ टक्के. हा काळ १ वर्ष २१९ दिवसांचा धरला तर ७३,७२८ रुपये. तिन्हींची बेरीज ५,७२,९२८ रुपये. आता कलम २८ चे व्याज: ताब्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के, पुढे १५ टक्के. हे व्याज दिलासा रकमेवरही मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००१ साली सुंदर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात स्पष्ट केले. पहिल्या वर्षाचे ५१,५६३ रुपये ५२ पैसे आणि पुढील नऊ वर्षांचे ७,७३,४५२ रुपये ८० पैसे. एकूण १३,९७,९४४ रुपये ३२ पैसे.

या रकमेत व्याजाचा वाटा मुद्दलापेक्षा मोठा आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. म्हणूनच दोन गुंठ्यांची चूक १६,००० रुपयांवर थांबत नाही. दिलासा, १२ टक्के आणि दहा वर्षांचे व्याज धरून ती ५८,२४७ रुपये ६८ पैशांवर जाते. कारकुनाच्या दृष्टीने ती एका अंकाची चूक होती. नातीच्या फीच्या दृष्टीने ती दोन सत्रांची होती.

पैशांच्या बाबतीत आणखी एक बारीक गोष्ट. वरील १५ टक्क्यांचे रोजचे व्याज २३५ रुपये ४५ पैसे येते, पण ते पैशापर्यंत आणून थांबवलेले असते. हा पूर्णांकित आकडा नऊ वर्षांच्या ३,२८५ दिवसांनी गुणला तर खऱ्या उत्तराहून ४५ पैसे जास्त येतात. रक्कम क्षुल्लक आहे, पण दोन पक्षांचे तक्ते ४५ पैशांनी जुळले नाहीत की तारीख पडते. ‘सेज’मध्ये १५ टक्के हा दशांश नसून तीन विसांश हा अपूर्णांक म्हणून शेवटपर्यंत जपता येतो आणि पूर्णांकन एकदाच, अखेरीस करता येते. माझ्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ केली ती याचसाठी. त्यांच्या हिशेबात सव्वा हा सव्वाच राहत असे, त्याचे १.२५ होत नसे.

इथपर्यंत गणित झाले. खरी परीक्षा पुढे होती आणि ती मराठीची होती.

न्यायालयासाठी इंग्रजी प्रत तयार झाल्यावर मी ठरवले की अशिलालाही त्याच हिशेबाची मराठी प्रत द्यायची. ज्याची जमीन गेली त्याला आपली रक्कम कशी झाली हे आपल्या भाषेत वाचता येऊ नये, याची मलाच लाज वाटू लागली होती. पूर्वी मराठी प्रत म्हणजे पुन्हा सारे टंकन, म्हणजे आकड्यांचे तिसरे घर आणि चुकीला तिसरी संधी. आता हिशेबाचा भाग एकच ठेवून त्याखाली इंग्रजी आणि मराठी असे दोन मजकूर ठेवता येणार होते. ४८ हा आकडा साऱ्या व्यवहारात एकदाच टंकायचा होता.

‘टेक’ला देवनागरी अगदीच परकी नव्हती. नेदरलंड्समधील फ्रान्स वेल्थुइस यांनी नव्वदीच्या सुरुवातीसच तिच्यासाठी देवनागरी अक्षरे घडवली होती. पण त्या काळी मजकूर रोमन लिपीत टंकावा लागे आणि मग त्याचे रूपांतर करावे लागे. २००४ साली जोनाथन क्यू यांचे ‘झीटेक’ आले आणि युनिकोडमधील देवनागरी थेट वाचली जाऊ लागली. तरीही पहिल्या प्रतीत ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाची उमटली. अनेक फॉन्टांत या अक्षरांची मराठी वळणेही असतात, पण मजकूर मराठी आहे असे स्पष्ट सांगितल्यावरच ती पुढे येतात. लिपी देवनागरी म्हणून सांगणे पुरेसे नाही, भाषाही सांगावी लागते. सीमेवर राहणाऱ्यांना हे वाक्य यंत्राच्या आधी अनुभवाने शिकवले आहे.

दुसरा प्रश्न अर्ध्या ‘र’चा. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द आमच्या कागदांत पानोपानी येतो. जुन्या फॉन्टांत टंकलेल्या फाइली युनिकोडमध्ये आणताना त्याचा रफार होऊन ‘शेतकर्यांना’ असे काहीतरी उमटत होते. हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नव्हे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खिंडी. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत तर पाठशाळेपासून मुदपाकखान्यापर्यंतचे अंतर आहे. युनिकोडमध्ये नुक्ता असलेल्या ‘ऱ’चे स्वतंत्र चिन्ह आहे, त्याला हलन्त जोडला की अर्धा ‘र’ मिळतो. माझ्या कारकुनाला हे एकदा दाखवले आणि कार्यालयाच्या भिंतीवर कागद लावून ठेवला.

तिसरा प्रश्न स्वल्पविरामाचा. संगणकाला आपल्या मनाने तीन-तीन अंकांचे गट पाडायची सवय. तेरा लाखांची रक्कम तो दहा लाखांच्या मापाने, मिलियनने, मोजतो आणि स्वल्पविराम तेराच्या मध्येच पाडतो. शेवटचे तीन अंक एकत्र आणि त्याआधी दोन-दोन, हा लाख-कोटींचा नियम त्याला चार ओळींत शिकवावा लागला. अंकही देवनागरी करून घेतले. हे सोपे होते.

अवघड होती ती ‘अक्षरी रुपये’ ही ओळ, म्हणजे ज्या ओळीने मला बुडवले तीच. भाचीने आधी इंग्रजीची व्यवस्था केली. वीसपर्यंतचे शब्द, मग दशकांचे शब्द, की झाले. शेजारच्या कार्यालयातील माझ्या कन्नड वकीलमित्राने उत्सुकतेने आपल्या भाषेची यादी करून दिली. ती तर अर्ध्या पानातच संपली. कन्नडमध्ये ‘मूरु’ म्हणजे तीन; तेवीसला ‘इप्पत्तमूरु’, तेहेतीसला ‘मूवत्तमूरु’. वीस आणि तीन, तीस आणि तीन. तीन शेवटपर्यंत तीनच राहतो.

मराठीत काय होते पाहा. तेवीस, तेहेतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव. एकच तीन, पण तो कधी ‘ते’, कधी ‘तेहे’, कधी ‘त्रे’, कधी ‘त्र्या’. पन्नास हा त्रेपन्नात ‘पन्न’ होतो, पण एकोणपन्नासात पुरा ‘पन्नास’ राहतो. एकोणीस, एकोणतीस अशी वजाबाकीची रीत एकोणनव्वदपर्यंत चालते आणि नव्याण्णवला येऊन अचानक सोडून दिली जाते. हिंदीत ही रीत दहा पायऱ्या आधीच सुटते: उन्यासीनंतर नवासी आणि मग निन्यानवे. संस्कृतातून प्राकृतात आणि प्राकृतातून मराठीत येताना हे शब्द हजार-दीड हजार वर्षे लोकांच्या तोंडी घासले गेले. जोड इतके झिजले की आता ते दिसत नाहीत. त्यामुळे यंत्राला नियम सांगता येत नाही. शून्यापासून नव्याण्णवपर्यंतचे शंभर शब्द एकेक करून द्यावे लागतात. शिवाय, नुसते शंभर असेल तर ‘शंभर’, पण पुढे काही आले तर ‘एकशे’, हेही वेगळे सांगावे लागते.

ती यादी करायला आम्ही तिघे बसलो: मी, भाची आणि कारकून. पहिल्याच पानावर वाद झाला. अठ्ठावीस की अठ्ठावीसमध्ये एकच ठ? सत्त्याण्णव की सत्याण्णव? बेचाळीस सर्वांना मान्य, पण तेहेतीस की तेहतीस? शेवटी शब्दकोश समोर घेतला आणि प्रत्येक संख्येला एकच रूप ठरवले. दस्तऐवजात एकाच रकमेची दोन रूपे आली तर कोणीतरी त्याचाही मुद्दा करील, ही भीती अनुभवाने आलेली होती. २०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात तेवीसऐवजी ‘वीस तीन’ अशी वाचनाची रीत सुचवली गेली तेव्हा केवढा गदारोळ झाला, हे वाचकांना आठवत असेल. त्या वेळी मीही तावातावाने बोललो होतो. शंभर शब्दांची यादी हाताने लिहून काढल्यावर मात्र मुलांना संख्या सोप्या व्हाव्यात या त्या सूचनेमागच्या कळकळीचे कारण मला कळले. माझे मत बदलले असे नाही. तेवीस हा तेवीसच राहावा असे मला वाटते. पण तो जपायचा तर त्याचे ओझे कोणी वाहायचे, हेही सांगितले पाहिजे. यंत्राच्या बाबतीत ते ओझे आम्ही तिघांनी एका दुपारी वाहिले. मुलांच्या बाबतीत ते वर्षानुवर्षे वाहावे लागते.

आता मर्यादाही सांगतो, कारण नव्या साधनाची बाजू मांडताना तिची दुबळी बाजू लपवणे हे वकिलीत चालते, लेखनात चालू नये. हे यंत्र मोजणीला जात नाही. आत ४६ लिहिले तर ते तिन्ही ठिकाणी ४६ चाच हिशेब बिनचूक मांडील, आणि तिन्ही जागा आपसांत जुळल्यामुळे चूक शोधणे उलट कठीण होईल. म्हणून आता आमच्या प्रत्येक हिशेबाच्या पहिल्या पानावर मूळ आकड्यांची चौकट असते: क्षेत्र, दर, तारखा आणि प्रत्येकासमोर तो कोणत्या कागदावरून घेतला त्याचा निशाणी क्रमांक. सही करण्यापूर्वी मी फक्त ती चौकट मूळ कागदांशी ताडून पाहतो. तीन पायऱ्यांपैकी मधली विसरली तर जुने उत्तर जागेवर राहू शकते, म्हणून तिन्ही पायऱ्या एकाच आज्ञेत बांधून घेतल्या आहेत. कलमाचा अर्थ चुकीचा लावला तर ते चुकीच्या अर्थाचा अचूक हिशेब करते. शिवाय शिकायला वेळ लागतो. पहिले दोन महिने मी एका स्वल्पविरामासाठी संध्याकाळ घालवली आहे, आणि कारकुनाने मनातल्या मनात मला काय म्हटले असेल त्याची मला कल्पना आहे. ज्याच्याकडे वर्षाला दोन दरखास्ती येतात त्याने एवढा खटाटोप करू नये. त्याने रक्कम टंकल्यावर मोठ्याने वाचून कोणाकडून तरी ताडून घ्यावी, तेवढे पुरे.

उरलेल्या रकमेचा हिशेब आम्ही नव्या पद्धतीने तयार केला. न्यायालयात इंग्रजी प्रत गेली आणि मराठी प्रत मी त्या वृद्ध गृहस्थांना स्वतः नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावला, चौकटीतल्या ४८ वर बोट ठेवले आणि थोडा वेळ ते तिथून हलवले नाही. मग पुढची ओळ वाचून पुटपुटले, “चोवीस आठे एकशे ब्याण्णव, त्याची दुप्पट तीनशे चौऱ्याऐंशी. बरोबर.” नंतर दिलासा रक्कम: दहा टक्के अडतीस हजार चारशे, त्याची तिप्पट एक लाख पंधरा हजार दोनशे. बरोबर. व्याजापाशी मात्र ते थांबले आणि नातीला हाक मारली. तिने मोबाइलवर गुणाकार केले आणि मला विचारले की पहिल्या वर्षी नऊ आणि नंतर पंधरा टक्के असे का. तीस वर्षांत माझ्या कोणत्याही अशिलाने मला हिशेबातील कलमाचे कारण विचारले नव्हते. विचारणार कसे? त्यांच्या हातात त्यांना वाचता येईल असा हिशेब मी कधी दिलाच नव्हता.

मी तिला सांगितले की पैसे लवकर दिले जावेत म्हणून उशिराचा दर कायद्याने चढा ठेवला आहे. तिने विचारले, “मग तरी लवकर का देत नाहीत?” त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही आज्ञावलीत नाही.

आमच्या शंभर संख्याशब्दांच्या यादीत अजून भर घालायची आहे, आणि त्यासाठी वाचकांची मदत हवी आहे. इंदूर-ग्वाल्हेरच्या घरांत हिंदीच्या सहवासाने, बडोद्यात गुजरातीच्या, हैदराबादेत तेलुगूच्या आणि गोव्यात कोकणीच्या सहवासाने काही संख्या वेगळ्या उच्चारल्या जात असतील. आमच्या बेळगावकडेही घराघरांत फरक आहे. आपल्या घरी त्र्याहत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद आणि सत्त्याण्णव कसे म्हणतात, आणि कागदावर अक्षरी रक्कम लिहिताना कसे लिहितात, ते अवश्य कळवावे. दस्तऐवजासाठी रूप एकच ठेवावे लागेल, पण बाकीची रूपे टाकून द्यायची नाहीत. ती यादीच्या दुसऱ्या रकान्यात, ज्या त्या गावाच्या नावाने, नोंदून ठेवू.